धूळ नसलेल्या डोंगरात

पुस्तकात लिहिलंय, जे तुम्हाला घरात घेणार नाहीत
त्यांच्या दारातून निघताना
पायांची धूळ झटकून टाका.

मलाइताच्या डोंगरात धूळ नाही.
बारा महिने पाऊस, बारा महिने तांबडा चिखल,
घोट्याला धरून बसणारा,
एका पायाचा काढावा तर दुसऱ्याला लागणारा.
वडील हसायचे. म्हणायचे, प्रभू कोरड्या मुलखातला,
त्याला आमची वाट कुठून ठाऊक असणार.

किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरातून
अकरा वर्षं ते वर जात राहिले.
पाठीवर हिवतापाच्या गोळ्यांचा डबा,
तंबाखूच्या चार कांड्या
आणि मेणकापडात गुंडाळलेलं मार्काचं शुभवर्तमान,
आमच्या बोलीतलं. त्यांच्या नव्हे,
पण कळेल इतपत जवळचं.

वरच्या वस्तीत इरोफानुआ बसलेला असे,
सुपारी फोडत, चुन्याची नळी मांडीवर.
त्याचे पूर्वज त्याच्या पाठीशीच,
चुलीचा धूर जितका जवळ तितके.
वडील बोलत. तो ऐके. शेवटपर्यंत ऐके,
हे मी पाहिलंय, मला डबा धरायला नेत.
मग म्हणे, गोष्ट चांगली आहे. माणूसही चांगला होता.
पण त्याला तुम्ही जेवू काय घालता?
आमचे रोज जेवतात.
गोळ्या मात्र मोजून घेई.

सातव्या वर्षी त्याच्या पुतण्याने, आरिक्वाओने,
वडलांना ओंडक्याच्या साकवावरून ढकललं.
मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं.
मिशनचे लोक म्हणाले, पोलिसांची बोट बोलावू.
वडील म्हणाले, नको. मी जाऊन क्षमा करून येतो.
वाटभर ते वाक्य घोळवत होते,
मी मागून ऐकत होतो.

"मी तुम्हाला क्षमा केली."

"कशाची?"

"सात वर्षं तुम्ही नाकारलंत, त्याची."

इरोफानुआ गप्प. एक डुकरीण पिलांसकट
दोघांच्या मधून निघून गेली.
"हाताचं बोल," तो म्हणाला. "तो आमच्या पोराचा गुन्हा,
त्याचं देणं लागतो आम्ही.
पण नको म्हणालो, यात तुझं काय चोरलं?
तू वाढलंस. मला भूक नव्हती.
जेवलेल्या माणसाला माफ करतोस?"

वडलांकडे उत्तर होतं, असणारच,
ते शिकवायलाच तर त्यांना होनिआराला नेलं होतं दोन वर्षं.
पण ते उठले.
खाली ओढ्यात पाय धुवायचे, ते धुतले नाहीत.
चिखल घरात चटईपर्यंत आला.
आई ओरडली.
त्या रात्रीच्या प्रार्थनेत
इरोफानुआचं नाव आलं नाही.
स्वतःचं आलं, तेही हळू,
मला ऐकू जाईल न जाईल असं.

पुढची चार वर्षंही ते गेले.
गोळ्या न चुकता. पुस्तक कधी नेत, कधी विसरत.
खरंच विसरत का,
मला अजून कळलेलं नाही.

ते वारले तेव्हा म्हातारा खाली उतरला.
कुंपणाच्या आत आला नाही :
आमच्याकडे माडीवर बाया चालतात,
त्यांच्या पायांखाली त्याच्या माणसांनी उभं राहायचं नसतं.
जास्वंदीच्या खांबावर
त्याने तांबड्या शिंपल्यांची माळ अडकवली,
दहा पदरी. एवढ्यात लग्न होतं.

"हे हाताचं," म्हणाला.
"नकाराचं नाही."

माळ आईने विकली नाही. चर्चलाही दिली नाही,
पाळक दोनदा येऊन गेले तरी.

तो गेला तेव्हा मी मागे मागे गेलो,
जिथे किनारा संपतो आणि चढ लागतो तिथवर.
त्याचे पाय आमच्या वाळूने पांढरे झालेले.
वाळू झटकता येते.
तो थांबला. मला वाटलं, आता.
त्याने कमरेची पिशवी चाचपली,
सुपारी काढली, मला अर्धी दिली,
आणि तसाच वर चढत गेला.